अटाल्यातून आणलेल्या डब्यांचा रंग दर पावसाळ्यात का सुटतो

अटाल्याच्या, म्हणजे भंगाराच्या, दुकानातून किलोच्या भावाने आणलेला तेलाचा पीपा, मिठाईचा पत्र्याचा डबा, लोणच्याची बरणी, जुन्या शिलाई मशीनचा खण. दिवाळीनंतर हे सगळं रंगवायचं, त्यात मणी, लेस, लोकर, क्विलिंगच्या पट्ट्या, रुखवताचं उरलेलं सामान भरायचं आणि कपाटावर ओळीने मांडायचं. उन्हाळाभर काही होत नाही. जूनच्या अखेरीस इंदूरला पाऊस लागला की मात्र रंगाला फोड येतात, कडेपासून पापुद्रे उचलतात, झाकण बरणीला चिकटून बसतं, तळाशी गंजाची तपकिरी कड उमटते.

मग सुटलेला रंग खरवडून त्यावर तोच रंग पुन्हा मारला जातो. नाहीतर इंदूरच्या सियागंज बाजारातून त्याहून महाग रंगाचा डबा येतो. पुढच्या जुलैत पुन्हा तेच. महागड्या रंगाने हे थांबत नाही, कारण बहुतेक वेळा दोष रंगाच्या खाली असतो. पावसाळी हवेत रंगाचा थर बाष्प शोषून किंचित फुगतो, आणि जिथे खाली पकड नाही तिथे सुटतो. पकड का नव्हती, हे शोधायला हवं.

पापुद्रा उलटा करून बघा

सगळं खरवडून टाकण्याआधी नखाएवढा पापुद्रा जपून काढा आणि उजेडात त्याची पाठ बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

पाठ चकचकीत असेल, बोटाला काही लागत नसेल, तर खाली तेल होतं किंवा पृष्ठभाग फार गुळगुळीत होता. तपकिरी भुकटी लागली तर गंज. पांढरट, किंचित बुळबुळीत पूड लागली आणि रंग मोठ्या तुकड्यांनी निघत असेल, तर पत्रा जस्ती, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, आहे. पांढरे टोकदार कण दिसले आणि वस्तू लोणच्याची बरणी असेल, तर ते मीठ. पाठीला वेगळ्याच रंगाचा जुना थर चिकटून आला, तर तुमचा रंग ठीक आहे, आधीच्या मालकाचा सुटलाय.

रंग अजून सुटला नसेल पण भरवसा नसेल, तर ब्लेडने एकमेकांना छेदणाऱ्या पाच-सहा बारीक रेघा मारा, त्यावर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपबरोबर उचलून आले, तर पावसाळ्याची वाट बघायची गरज नाही, आत्ताच काढून टाका.

अटाल्यात जाताना खिशात एक लोहचुंबक असू द्या. चुंबक चिकटला तर लोखंड, कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जस्ती पत्रा. जस्ती पत्र्यावर करड्या रंगाच्या, बर्फाच्या कळ्यांसारख्या खुणा बऱ्याचदा दिसतात. चिकटला नाही आणि वस्तू हलकी असेल तर ॲल्युमिनियम. स्टीलच्या डब्यांना बहुधा चिकटत नाही, पण स्वस्त स्टीलला चिकटतो, त्यामुळे तिथे नुसत्या चुंबकावर जाऊ नका. एवढं कळल्याशिवाय प्राइमर, म्हणजे रंगाखाली मारायचं अस्तर, विकत घेण्यात अर्थ नाही.

पाठ चकचकीत: तेल

आपल्याकडे हा प्रकार सर्वांत जास्त. शहर नमकीनचं, त्यामुळे अटाल्यात पंधरा किलोचे तेलाचे पीपे आणि शेव-फरसाणाचे डबे हवे तेवढे मिळतात. सोयाबीनचं तेल पत्र्यावर महिनोन्‌महिने राहिलं की हवेने घट्ट होतं आणि पिवळसर, चिकट थर बनतो. भांड्यांच्या साबणाने वरचं तेल जातं, हा थर जात नाही. हाताला डबा स्वच्छ लागतो, डोळ्यांना स्वच्छ दिसतो, रंग मात्र धरत नाही.

आधी लाकडाचा भुसा किंवा जुनी वर्तमानपत्रं आतून-बाहेरून रगडून सुटं तेल टिपून घ्या. मग पाच लिटर कडकडीत पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून डबा अर्धा तास भिजवा. हातमोजे घाला, सोड्याने कातडी फुटते. जुन्या टूथब्रशने जोड घासा: उभी शिवण, तळाची घडी, तोंडाजवळची दुमड. तेल तिथेच दबा धरून बसतं आणि मे महिन्याच्या उन्हात पाघळून रंगाखाली पसरतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंना सरळ रेषेत रंग सुटलेला दिसला, तर कारण हेच समजा.

साफ झालं की नाही, ते पाण्याने तपासायचं. डब्यावर गार पाणी ओता. पाणी सलग पडद्यासारखं पसरलं तर ठीक. थेंब-थेंब होऊन तुटलं, तर तेल आहे, पुन्हा सोडा. एकदा हे पाणी बघायची सवय लागली की अर्ध्या तक्रारी संपतात.

यानंतर डबा तिरका उपडा करून उन्हात तासभर ठेवा, म्हणजे शिवणीतलं पाणी निथळेल. शेवटी स्वच्छ, पांढऱ्या कपड्यावर थिनर घेऊन पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने डब्याला शिवू नका. बोटाच्या तेलानेही ठशाच्या जागी रंग सुटतो.

एक मोठा अपवाद: ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावायचा नाही. सोडा ॲल्युमिनियम खातो, भांडं काळं पडतं आणि काळी पूड हाताला लागत राहते. जुने जेवणाचे डबे, चहाची पातेली यांना साधं भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग स्पिरिट, आणि लगेच ॲल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्राइमर. घासल्यानंतर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेने पुन्हा थर धरतो.

पाठीवर तपकिरी भुकटी: गंज

मिठाईचा किंवा बिस्किटाचा डबा म्हणजे पातळ लोखंडी पत्रा आणि वर कथिलाचा नाजूक मुलामा. कथिल शाबूत आहे तोवर गंज नाही. पण "रंग धरावा" म्हणून लोक ८० नंबरच्या पेपरने जोरात घासतात, मुलामा निघून जातो, आणि त्यावर थेट पाण्याचा ॲक्रिलिक रंग मारतात. उघड्या लोखंडावर पाण्याचा रंग वाळता वाळताच गंज धरतो. पांढऱ्या रंगातून तपकिरी ठिपके वर आले, तर समजा हेच झालंय. वरून कितीही हात मारले तरी ठिपके परत येतात.

डब्याला गंज नसेल तर नुसता ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवा, चकाकी मोडण्यापुरता. गंज असेल तर तेवढ्याच जागी तारेचा ब्रश, मग १२० नंबरचा पेपर. खड्ड्यांतला गंज राहतोच. त्यावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा तीन-चार तास गुंडाळून ठेवा, घासा, साध्या पाण्याने धुवा, मग चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, म्हणजे आंबटपणा उरणार नाही. लगेच कोरडं करा आणि हेअर ड्रायरने गरम करा. धुतलेलं लोखंड दमट हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होतं, त्यामुळे प्राइमर आधीच ढवळून तयार ठेवा.

इथे प्राइमर म्हणजे रेड ऑक्साइड, लोखंडावर मारायचा तेलाचा प्राइमर. टर्पेंटाइन घालून पातळ करा आणि दोन पातळ हात मारा, मध्ये एक रात्र. एकच जाड हात मारला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो. रेड ऑक्साइडवर पाण्याचा ॲक्रिलिक मारायचा असेल तर दोन-तीन दिवस थांबा, ३२० नंबरने हलकं घासा, मग मारा. याच टप्प्यावर घाईने डब्यातला स्प्रे मारला की रंग डोळ्यांदेखत सुरकुततो. कारण स्प्रेतला थिनर खालच्या अर्धवट वाळलेल्या ऑइल पेंटला फुगवतो. तसं झालं तर वाळू द्या, सुरकुत्या घासून काढा, आणि स्प्रेचा नाद सोडून ब्रशने ॲक्रिलिक मारा.

तळाची कड वेगळी बघावी लागते. डबा जमिनीवर किंवा खालच्या फळीवर असेल तर रोज फरशी पुसताना तिथे पाणी लागतं, आणि तळाची घडी ते पाणी धरून ठेवते. रंग कितीही चांगला असला तरी तिथे गंजणारच. तळाला चार बाजूंना रबरी बुच किंवा फर्निचरचे रबरी पाय लावून डबा पाच-सहा मिलिमीटर वर उचला. प्राइमर मारतानाही तळाची घडी आधी, डबा उपडा करून. बहुतेक जण ती विसरतात, कारण ती दिसत नाही.

पीपा वरून कापून लोकरीची टोपली करत असाल तर कापलेल्या कडेला मुलामा उरत नाही, शिवाय ती बोटं कापते. पत्र्याच्या कात्रीने कापताना सहा मिलिमीटर जास्त ठेवा, पक्कडीने ती पट्टी बाहेर वळवा, लाकडी ठोकळ्यावर हातोडीने बसवा, आणि प्राइमरनंतर त्यावर मधोमध चिरलेली पातळ प्लास्टिकची नळी चढवा. कापलेल्या कडेवर नुसती लेस चिकटवून भागत नाही. पत्रा लेस कापतो, गंज लेसमध्ये उतरतो.

रंग चादरीसारखा निघतो: जस्ती पत्रा

धान्याच्या कोठ्या, बादल्या, जुने पाण्याचे डबे. इथे तेल साफ केलेलं असतं, गंजही नसतो, तरी सहा-आठ महिन्यांनी ऑइल पेंट मोठमोठ्या तुकड्यांनी निघून येतो आणि खाली पत्रा कोराच्या कोरा. ऑइल पेंटमधली तेलं आणि जस्त यांची प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो, आणि दमट हवेत तो वेगाने होतो. रेड ऑक्साइडही तेलाचाच, त्यामुळे इथे तोही चालत नाही. लोक नेमका तोच मारतात, कारण दुकानदार "लोखंडाला हाच" म्हणून देतो.

थोडा थोडा ठीकठाक करून उपयोग नाही, सगळा रंग काढायचा. मग भांड्यांच्या लिक्विडने धुवून, व्हिनेगर लावून दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, ३२० नंबर अगदी हलका, आणि डब्यावर जस्ती किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी असं लिहिलेला पाण्याचा प्राइमर. वर पाण्याचाच रंग. कोठीला रंग नको असेल तर नुसती धुवून, बाहेरून सुती दोरी गुंडाळली तरी सुंदर दिसते, आणि ही दोरी जुलैत सुटत नाही.

बरणीवर पांढरे कण

पिवळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बरण्या बर्तन बाजारात आणि अटाल्यात दोन्हीकडे मिळतात, आणि क्रोशाच्या सुया, ब्रश, मोजपट्ट्या ठेवायला याहून चांगलं भांडं नाही. पण जिने वीस वर्षं कैरीचं लोणचं पोटात ठेवलं, तिच्या मातीत मीठ मुरलेलं असतं. वरचा झिलईचा थर गुळगुळीत असला तरी त्यात केसासारख्या भेगा असतात आणि तळाला झिलई नसतेच. पावसाळ्यात मीठ ओलावा शोषतं, कोरड्या दिवशी पुन्हा कण धरतं आणि कण वाढताना रंगाला खालून उचलतं.

उपाय सोपा, फक्त वेळखाऊ. बरणी साध्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, चार-पाच दिवस. मग बाहेर काढून सावलीत आठवडाभर वाळवा. तळाशी पुन्हा पांढरं दिसलं तर परत पाण्यात. पांढरं यायचं थांबल्यावरच रंगाचा विचार करा. खरं सांगायचं तर बरणीला रंग न देणंच बरं. तिची पिवळी-पांढरी चमक ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी देखणी असते. सजवायची असेल तर गळ्याला गोटा किंवा सुतळी बांधा.

काचेच्या बरणीला मीठ मुरत नाही. तिथे रंग सुटतो तो गुळगुळीतपणामुळे. स्पिरिटने पुसा आणि काचेवरचाच रंग वापरा. भट्टीत पक्का करायचा प्रकार असेल, तर बरणी गार ओव्हनमध्ये ठेवून मग तापमान वाढवा आणि डब्यावर लिहिलं असेल तेवढं तापवा. तापलेल्या ओव्हनमध्ये गार काच ठेवली तर तडकते.

जुना रंग सुटून येतो

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाला ९० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः चकचकीत पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटात, शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही. पाण्यात बुडवून चालणारा काळा पॉलिश पेपर घ्या, पृष्ठभाग ओला ठेवून घासा, गाळ जुन्या कपड्याने पुसून घ्या, आणि हे काम लहान मुलं, गरोदर बाई किंवा स्वयंपाक जवळ नसताना करा. हीट गनने असा रंग जाळणं तर अजिबात नको. सगळा काढायचा नसेल, तर जेवढा सुटतोय तेवढा काढून कडा घासून सपाट करा, वर प्राइमर मारा. झाकलेला जुना थर धूळ करत नाही.

प्लास्टिकचे डबे

तळाशी त्रिकोणात आकडा असतो. २ किंवा ५ असेल, म्हणजे तुपाचे, दह्याचे, श्रीखंडाचे बहुतेक डबे, तर त्यावर रंगही टिकत नाही आणि गोंदही. घासून, स्पिरिट मारून, प्राइमर मारून चार दिवस चालेल, नंतर डबा दाबला की तडकून पडेल. त्यावर वेळ घालवू नका. कापड शिवून पिशवीसारखं चढवा, ते काढून धुताही येतं. १ असेल तर हलक्या घासणीनंतर ॲक्रिलिक बऱ्यापैकी धरतो. ६ असेल तर थिनर किंवा स्प्रे लावूच नका, प्लास्टिक विरघळतं.

झाकण चिकटून बसलं

ॲक्रिलिक रंग वाळला तरी किंचित मऊ राहतो. दोन रंगवलेले पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांना लागले आणि हवा दमट असली, की ते एकमेकांत मिसळतात. झाकण फिरवलं की दोन्हीकडचा रंग निघतो. म्हणून बरणीचे आटे, डब्याच्या तोंडापासून पाच मिलिमीटर आणि झाकणाची आतली कड रंगवायचीच नाही. मास्किंग टेप लावा. आधीच रंगवलेलं असेल तर तेवढा भाग ३२० नंबरने उतरवा. रंग पूर्ण पक्का व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर झाकण वेगळं ठेवा आणि डबे एकावर एक रचू नका. कडेला पांढरी मेणबत्ती घासली तरी बराच फरक पडतो.

घरी केलेला चॉक पेंट, म्हणजे तीन भाग रंग, एक भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, एक भाग पाणी, हा चिकटत कमी आणि घासतो छान, पण वर वॉर्निश नसेल तर हाताचे डाग आणि ओलावा पितो. तो एका बैठकीत संपेल एवढाच कालवा, डब्यात उरलेला दगड होतो.

कागद, कापड, लेस सुटते

बहुतेक जण सगळीकडे पांढरा फेविकॉल लावतात. तो लाकूड, पुठ्ठा, कापड यांच्यासाठी आहे, ज्यांत त्यातलं पाणी मुरू शकतं. पत्रा, काच, झिलई यांवर पाणी वरच्या बाजूनेच उडतं, गोंद कातडीसारखा सुकतो आणि एका कोपऱ्यातून सगळा सोलून निघतो. पावसाळ्यात तो पुन्हा मऊही होतो. पत्र्यावर फेविकॉलनेच काम करायचं असेल, तर आधी प्राइमर आणि मॅट रंग मारा, मग डिकूपाजचा, म्हणजे छापील चित्रं चिकटवून सजवायचा, कागद त्या रंगाला चिकटेल.

कापड थेट पत्र्यावर हवं असेल तर रबरी कॉन्टॅक्ट गोंद वापरा. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला तार सुटेनाशी झाली की दाबा. ओला असतानाच चिकटवला की आतलं द्रावण अडकतं आणि कापडाला फुगे येतात. हा गोंद थर्माकोल खातो, हे रुखवताच्या वेळी विशेष लक्षात ठेवा.

खडे, शंख, धातूची बटणं काचेवर किंवा पत्र्यावर बसवायला दोन नळ्यांचा इपॉक्सी, दोन्ही सारखे. हॉट ग्लू गनने पत्र्यावर काम झटपट होतं, पण थंड पत्रा गोंदाला मुरण्याआधीच गोठवतो, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत तोच गोंद मऊ होऊन खडे खाली येतात. पत्रा ड्रायरने कोमट करून लावला तर पकड सुधारते, उन्हाळ्याचा प्रश्न मात्र राहतोच. फेविक्विक पारदर्शक प्लास्टिकजवळ पांढरी धूसर झाक सोडतो. बंद डब्यात वापरू नका.

डिकूपाजला फुगे येत असतील तर कागद कोरडा ठेवून ओल्या गोंदावर टाकला जातोय. कागद ओला झाला की पसरतो. नॅपकिनचा फक्त वरचा छापील पदर घ्या, मधून कडेकडे प्लास्टिकच्या तुकड्याने दाबा. इंकजेटवर छापलेलं चित्र असेल तर शाई फुटते. आधी दोन्ही बाजूंना पारदर्शक स्प्रेचा हलका हात देऊन वाळवा.

लाकडी खण

जुलैत खण अडकतो म्हणून कडा रंधून टाकू नका. लाकूड आडव्या दिशेने फुगतं आणि दिवाळीनंतर आपोआप आखडतं, तेव्हा रंधलेला खण खडखडायला लागतो. आता फक्त सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासा. खरी दुरुस्ती हिवाळ्यात: सरकणाऱ्या बाजूंवरचा रंग पूर्ण काढा. जाड ऑइल पेंटचे दोन-तीन हातच पुष्कळदा अडकण्याचं कारण असतात.

खणाला वास असेल, मशीनच्या तेलाचा किंवा कुबट, तर उन्हात दोन दिवस, मग आतून फ्रेंच पॉलिशचे दोन पातळ हात. या पॉलिशमधली लाख वास आत कोंडून ठेवते. ते वाळलं की आत मॅट कागद लावा, कारण कोरी लाख उन्हाळ्यात लोकरीला चिकटते. बाहेरच्या पॉलिशवर पाण्याचा रंग मारायचा असेल तर आधी घासा, बाजारच्या पॉलिशमध्ये मेण असतं आणि त्यावर ॲक्रिलिक सरकतो.

एक-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं आणि खाली मैद्यासारखी पूड दिसली तर भुंगा आहे. असा खण घरात आणण्याआधीच हार्डवेअरवाल्याकडचं लाकडाचं कीडनाशक सिरिंजने प्रत्येक छिद्रात घाला, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आठवडाभर ठेवा, छिद्रं मेणाने बुजवा. महिनाभराने नवी पूड पडली तर खण परत अटाल्यात. एका खणापायी घरातलं फर्निचर पणाला लावायला नको.

मसाल्याचा डबा

स्टीलचा मसाल्याचा डबा आणि त्यातल्या सात वाट्या मण्यांसाठी तयार खोकं आहे. रंगवू नका, स्टीलवर रंग जेमतेम धरतो. हळदीचा डाग उन्हात आपोआप फिका पडतो, दोन-तीन दिवस ठेवा. हिंगाचा वास झाकणाच्या दुमडीत राहतो. तिथे खाण्याच्या सोड्याची पेस्ट रात्रभर भरून ठेवा आणि ब्रशने काढा. झाकणात रबर असेल तर ते फेकाच, वास त्यातच असतो.

आतलं सामान खराब होतंय

बाहेरचा रंग जागेवर आहे, पण पांढऱ्या लेसवर तपकिरी ठिपके पडलेत. आतून प्राइमर मारलेला नाही, एवढाच अर्थ. पण आतून रंग मारून लगेच सामान भरलं तर तेही रंगाला चिकटतं. पत्र्याच्या डब्याला (जस्ती नसेल तर) आतून रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट, मग झाकण उघडं ठेवून वास जाईपर्यंत दोन आठवडे, मग तळाला आणि बाजूंना बटर पेपर. पितळेच्या डब्यालाही बटर पेपर लागतोच, नाहीतर सुती धाग्याला हिरवा डाग पडतो.

जरीच्या आणि चांदीच्या तारा काळ्या पडतात त्याला बऱ्याचदा रबर बँड कारण असतो. रबरातल्या गंधकाने चांदी काळवंडते. रिळांना सुती दोरा बांधा. डांबराच्या गोळ्या टिकल्या, प्लास्टिकची बटणं किंवा थर्माकोलच्या मण्यांजवळ ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. कागदी पट्ट्यांना कसर लागत असेल, तर घट्ट झाकण आणि सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे.

सिलिका जेल लिटरभर डब्याला पाच ग्रॅम पुरे. नारिंगी दाणे हिरवट झाले की संपले. जाळीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दीड तास तापवले की पुन्हा चालतात. संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांसाठी उरलेला हलवा ठेवायचा असेल तर पत्र्याचा डबा नकोच. काचेची रुंद तोंडाची बरणी, रबर असलेलं झाकण, आत सिलिका जेलची बंद पुडी, आणि बरणी ताटात पाणी घालून त्यात वाटीवर ठेवायची, म्हणजे मुंग्या येत नाहीत. आणि असा हलवा दागिन्यांसाठीच, तोंडात टाकायला नाही.

कधी करायचं

सध्या पाऊस चालू असेल तर रंगकाम सुरू करू नका. सुटलेला डबा रिकामा करा, कोरडा पुसा, गंजलेल्या जागी व्हॅसलीन किंवा मशीनचं तेल चोळा आणि बाजूला ठेवा. काम सुरू करताना ते सोड्याने काढून टाकता येतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत हवा कोरडी असते, रंग नीट वाळतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी, सावलीत. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग वरून लगेच वाळतो आणि खालून फुगे येतात.

उरलेला रंग, थिनर आणि जुन्या रंगाचा गाळ मोरीत ओतू नका. घट्ट बंद डब्यात किंवा पिशवीत भरून कचरागाडीतल्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. जवसाचं तेल किंवा तेलवार्निश पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या सुट्या पसरून, बाहेर, पूर्ण वाळवून मगच टाका.